काळे चित्रपट आणि उशिरां आलेला प्रेक्षक

जुना ग्रंथ आणि जुना चित्रपट यांच्या म्हातारपणांत मोठा फरक आहे. ग्रंथाची भाषा जुनी झाली तरी वाचक त्यांतील माणसांना आपल्याच मनांतले चेहरे देतो, आणि त्यामुळें शेंकडों वर्षांपूर्वींचा नायकहि त्याला फारसा परका वाटत नाहीं. चित्रपटाला ही सवलत नाहीं. त्यांतली टोपी ही टोपीच राहते. टेलिफोनचें तें अवजड यंत्र तसेंच दिसतें. आणि मोटार चालली असतां मागच्या कांचेंतून सरकणारा रस्ता हा रस्ता नसून पडद्यावर टाकलेलें दुसरें चित्र आहे, हें आजच्या शाळकरी पोरालाहि कळतें. अमेरिकेंत सुमारें १९४१ पासून १९५८ पर्यंत निघालेल्या ज्या गुन्हेगारी बोलपटांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळे चित्रपट’, असें म्हणण्याचा प्रघात आहे, ते आजच्या प्रेक्षकाला रुचतात कीं केवळ अभ्यासकांच्या कौतुकावर जगतात, हा प्रश्न म्हणूनच वारंवार निघतो. त्याविषयीं आम्हांस जें वाटतें तें येथें मांडावयाचें आहे.

नुकताच एका तरुण स्नेह्यांबरोबर बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) पुन्हां पाहण्याचा योग आला. कथा थोडक्यांत अशी: लॉस एंजेलिसमधील एका विमा कंपनीचा विक्रेता वॉल्टर नेफ हा मोटारीच्या विम्याची मुदत वाढवून घेण्यासाठीं एका घरीं जातो, तेथील गृहिणी फिलिस हिच्या नादीं लागतो, तिच्या नवऱ्याला न कळत त्याच्या नांवें अपघाताचा विमा उतरवितो, आणि दोघें मिळून त्याचा खून करून तो आगगाडींतून पडून मेला असा देखावा उभा करतात, कारण तसल्या अपघातांत विम्याची रक्कम दुप्पट मिळते. आमचे स्नेही पहिला अर्धा तास हंसत होते. नेफची ती तोडून बोलण्याची ढब, प्रेयसीला घडोघडी लावलेलें लाडकें संबोधन, फिलिसच्या डोक्यावरचा उघडउघड खोटा दिसणारा सोनेरी टोप, यांपैकीं कशालाहि त्यांनीं सोडलें नाहीं. (त्या टोपाची थट्टा त्या काळीं खुद्द स्टुडिओच्या अधिकाऱ्यांनींहि केली होती, हें त्यांना सांगून आम्हीं त्यांच्या आनंदांत भरच घातली.) मग प्रेत रुळांवर टाकून तीं दोघें मोटारींत येऊन बसतात. फिलिस मोटार सुरू करूं जाते; यंत्र चालत नाहीं. पुन्हां प्रयत्न करते; पुन्हां नाहीं. आमच्या स्नेह्यांचें हंसणें थांबलें आणि ते खुर्चींत पुढें सरकले. शेवटीं नेफ हात पुढें करतो आणि मोटार सुरू होते, तेव्हां त्यांनीं मोठा सुटकेचा श्वास टाकला; आणि लगेच ते आमच्याकडे ओशाळून पाहूं लागले. दोन खुनी माणसें निसटावीं अशी इच्छा आपल्या मनांत कां आली, हें त्यांचें त्यांनाच कळेना.

जेम्स केनच्या मूळ कथेंत हा प्रसंग नाहीं. वाइल्डरची स्वतःची मोटार एकदां ऐन वेळीं सुरू होईना, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असें तो सांगत असे. ऐंशी वर्षांपूर्वींचा प्रेक्षक येथें श्वास रोखीत असे आणि आजचाहि रोखतो. परंतु एवढ्यावरून ‘टिकला’ असा निकाल देऊन मोकळें होण्यापूर्वीं एका ऐतिहासिक गोष्टीची आठवण करून देणें अवश्य आहे. ती ध्यानांत न घेतल्यामुळें या प्रश्नाची चर्चा नेहमीं आडवाटेला जाते.

ती गोष्ट ही कीं, या चित्रपटांना ‘काळे’ हें नांव देणारे लोक अमेरिकन नव्हते. हे चित्रपट निघाले तेव्हां हॉलिवुडांत त्यांना कोणी ‘मेलोड्रामा’ म्हणे, कोणी गुन्ह्याची कथा म्हणे. आपण एखाद्या नव्या संप्रदायाची स्थापना करीत आहों असें त्यांच्या कर्त्यांच्या स्वप्नांतहि नव्हतें. १९४० च्या जूनमध्यें पॅरिस जर्मनांच्या हातीं पडलें आणि पुढें लवकरच तेथें अमेरिकन चित्रपट येण्याचें बंद झालें. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यांत, सांचून राहिलेलें हें सारें धन एकदम पॅरिसच्या चित्रगृहांत उतरलें. जॉन ह्यूस्टनचा ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९४१), ऑटो प्रेमिंजरचा ‘लॉरा’ (१९४४), एडवर्ड डमिट्रिकचा ‘मर्डर, माय स्वीट’ (१९४४), आणि आमचा हा ‘डबल इन्डेम्निटी’, असे निरनिराळ्या वर्षींचे व निरनिराळ्या कंपन्यांचे चित्रपट तेथील लोकांनीं कांहीं आठवड्यांच्या अवधींत ओळीनें पाहिले. त्या वर्षाच्या ऑगस्टांत नीनो फ्रँक या टीकाकारानें त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्यांत ‘न्वार’ हें विशेषण त्यांना लावलें. नोव्हेंबरांत झाँ-पिएर शार्तिए यानेंहि तेंच केलें. शब्द अगदींच नवा होता असें नव्हे. युद्धापूर्वीं कांहीं उदास फ्रेंच चित्रपटांना तो लावला गेला होता, आणि १९४५ पासून गालिमार या प्रकाशनसंस्थेची ‘सेरी न्वार’ नांवाची गुन्हेकथांची मालाहि निघूं लागली होती. पुढें १९५५ मध्यें बोर्द व शोमतों या दोघांनीं या चित्रपटांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अमेरिकेंत मात्र हें नांव रुळावयास १९७० च्या पुढचा काळ उजाडावा लागला.

याचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. १९४४ सालीं शिकागोच्या एखाद्या चित्रगृहांत ‘डबल इन्डेम्निटी’ पाहणाऱ्या माणसानें त्याच आठवड्यांत एखादा नाचगाण्याचा चित्रपट व युद्धाचें बातमीपत्रहि पाहिलें असेल. त्याला हा एक खुनाचा चांगला खेळ वाटला आणि तो घरीं गेला. ही सारी चित्रें एका कुळांतलीं आहेत, त्यांच्यावर एकच सावली पडली आहे, हें दिसावयाला एक निराळा प्रेक्षक लागला: परक्या देशांतला, चारपांच वर्षें उशिरां आलेला, आणि शेजारी शेजाऱ्याची चुगली करतो हें मधल्या वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला. म्हणजे उशिरां आलेला प्रेक्षक हा या चित्रपटांच्या घरीं पाहुणा नव्हे. त्यांचें बारसें त्यानेंच केलें आहे. आपण आणखी उशिरां आलों, एवढाच काय तो फरक.

आतां हे चित्रपट करणारे लोक कोण होते तें पाहूं. १९३० सालीं बर्लिनमध्यें ‘रविवारचीं माणसें’ या अर्थाच्या नांवाचा एक मूकपट निघाला. धंदेवाईक नट एकहि नाहीं. चारपांच सामान्य तरुण माणसें सुट्टीच्या दिवशीं तळ्यावर जातात, पोहतात, प्रेमाचे खेळ खेळतात, आणि सोमवारीं कामावर परततात, एवढीच कथा. चित्रपट सारा उन्हांत न्हाऊन निघाल्यासारखा आहे. तो करणाऱ्यांत रॉबर्ट सिओडमॅक, एड्गर उल्मर, बिली वाइल्डर आणि फ्रेड झिनेमान हे होते. सारे तरुण, सारे ज्यू. पुढें हे चौघेहि अमेरिकेंत गेले, आणि १९३३ नंतर त्यांना परतावयाला बर्लिन उरलें नाहीं. वाइल्डरची आई नाझींच्या संहारांत बळी पडली. त्या रविवारच्या तळ्यावरून निघालेल्या या मंडळींपैकीं सिओडमॅकनें ‘द किलर्स’ (१९४६) व ‘क्रिस क्रॉस’ (१९४९), उल्मरनें ‘डीटूर’ (१९४५) आणि वाइल्डरनें ‘डबल इन्डेम्निटी’ व ‘सनसेट बूलेव्हार्ड’ (१९५०) हे चित्रपट केले. फ्रिट्झ लांग हाहि १९३३ मध्येंच जर्मनी सोडून निघालेला.

या लोकांनीं जर्मनीहून छायाप्रकाशाचें तंत्र आणलें म्हणून हे चित्रपट काळे झाले, असें नेहमीं सांगितलें जातें. आमच्या मतें हें अर्धेंच खरें आहे. ‘डबल इन्डेम्निटी’चा छायालेखक जॉन साइट्झ हा शिकागोचा, मूकपटांच्या काळापासून अमेरिकेंतच काम करीत आलेला. फिलिसच्या बैठकीच्या खोलींत बाहेरचें लख्ख ऊन पडद्याच्या पट्ट्यांतून चिरफळ्या होऊन येतें, त्या तिरिपेंत धूळ तरंगतांना दिसावी म्हणून त्यानें अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी हवेंत उडविली होती. ही युक्ति त्याला कोणा जर्मनानें शिकविली नव्हती. शिवाय युद्धामुळें नेपथ्याच्या नव्या सामानावर एका चित्रपटामागें पांच हजार डॉलरांची मर्यादा सरकारनें घातली होती, आणि जेथें भिंत उभारावयास लांकूड नाहीं तेथें काळोख फुकट मिळतो. परागंदा होऊन आलेल्यांनीं जें आणलें तें तंत्राहून निराळें होतें. नीटनेटकें घर, पगाराची नोकरी, शेजारपाजाऱ्यांचा नमस्कार, हें सारें एका रात्रींत नाहींसें होऊं शकतें, ही गोष्ट त्यांना ऐकून ठाऊक नव्हती, पाहून ठाऊक होती. म्हणून त्यांचा गुन्हेगार हा दरोडेखोर नसतो. तो विम्याचा विक्रेता असतो, पेढीवरचा खजिनदार असतो, रोज संध्याकाळीं घरीं जाऊन भांडीं घासणारा असतो.

त्या भांडीं घासणाऱ्याची कथा सांगण्यापूर्वीं निर्बंधांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. हॉलिवुडच्या चित्रपटसंस्थांनीं १९३० मध्यें नीतिनियमांची एक संहिता स्वीकारली होती आणि १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन याच्या कचेरीमार्फत तिची कडक अंमलबजावणी होऊं लागली. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, व्यभिचार आकर्षक दिसतां कामा नये, खुनाची रीत तपशिलानें दाखवितां कामा नये, असे तिचे दंडक. केनची कथा ही या दंडकांना सर्व बाजूंनीं छेद देणारी असल्यानें तिला या कचेरीनें प्रथम साफ नकार दिला होता. वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनीं पुढें तिचें जें चित्रकथानक तयार केलें त्यांत खून होतो तो आपणांस दिसतच नाहीं. मोटारीच्या मागच्या बाजूला दडलेला नेफ पुढें वांकतो, आणि कॅमेरा फिलिसच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो. शेजारीं नवरा गुदमरून मरत आहे आणि ही समोरच्या रस्त्याकडे पाहत आहे. डोळ्यांत किंचित् समाधान. बाकी कांहीं नाहीं. बार्बरा स्टॅनविकच्या त्या चेहऱ्यापुढें आजच्या चित्रपटांतील रक्ताचे पाट आम्हांस पोरकट वाटतात. केनच्याच दुसऱ्या एका कादंबरीवर, ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’ हिच्यावर, १९४६ मध्यें एक चित्रपट निघाला आणि १९८१ मध्यें दुसरा. संहिता १९६८ मध्येंच इतिहासजमा झालेली असल्यानें दुसऱ्यानें कांहींहि झांकून ठेवलें नाहीं. तो वाईट आहे असें नाहीं. पण पाहून झाल्यावर मनांत राहते ती पहिल्यांतली, पांढरींशुभ्र वस्त्रें नेसून त्या कळकट खाणावळींत वावरणारी लाना टर्नरच.

म्हणून निर्बंध चांगले, असें आम्ही म्हणत आहों असा कोणीं समज करून घेऊं नये. निर्बंधांनीं घात केल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. लांगचा ‘द वूमन इन द विंडो’ (१९४४) घ्या. एक पापभीरु प्राध्यापक एका परक्या स्त्रीच्या घरीं जातो, तेथें त्याच्या हातून खून होतो, फांस हळूहळू आवळत येतो, तो विष घेतो. आणि मग खुर्चींत जागा होतो, कारण तें सगळें स्वप्न होतें! लांगनें या शेवटाचें समर्थन केलें आहे खरें, परंतु आजचा प्रेक्षक येथें हंसतो आणि त्याचें हंसणें योग्य आहे. मात्र याच लांगनें पुढच्याच वर्षीं त्याच तीन प्रमुख नटांना, म्हणजे एडवर्ड रॉबिन्सन, जोन बेनेट व डॅन ड्यूरिया यांना, घेऊन ‘स्कार्लेट स्ट्रीट’ काढला. त्यांतला नायक ख्रिस क्रॉस हा पंचवीस वर्षें इमानानें नोकरी केलेला खजिनदार. घरीं कजाग बायको, कमरेला फडका बांधून भांडीं घासणें, आणि रविवारीं न्हाणीघरांत लपून चित्रें काढणें, एवढें त्याचें आयुष्य. किटी नांवाची एक तरुणी व तिचा यार त्याला लुबाडतात. त्याचीं चित्रें तिच्या नांवानें विकलीं जाऊन गाजतात. आणि हें कळल्यावर तो रागावण्याऐवजीं खूष होतो, कारण कोणाच्या कां नांवानें होईना, चित्रें तर विकलीं गेलीं! शेवटीं त्याच्या हातून तिचा खून होतो, आणि फांशी, म्हणजे विजेची खुर्ची, मिळते ती त्या याराला. ख्रिसवर कोणी संशयहि घेत नाहीं. तो स्वतः ओरडून गुन्हा कबूल करतो तर पोलीस त्याला वेडा समजून हांकलून देतात. शेवटच्या दृश्यांत तो भिकाऱ्यासारखा रस्त्यानें जात असतां एका चित्रशाळेंतून किटीचें चित्र दहा हजार डॉलरांना विकलें जाऊन बाहेर नेलें जातें. तें त्यानेंच काढलेलें आहे. कचेरीला येथें कोणतेंहि कलम लावतां येईना, कारण शिक्षा तर झालीच होती, फक्त ती सरकारनें दिली नव्हती. न्यूयॉर्क राज्यांत व दुसऱ्या कांहीं शहरांत १९४६ च्या आरंभीं या चित्रपटावर बंदी घालण्यांत आली. हा चित्रपट आज पाहिला तर त्यांत जुनें म्हणण्यासारखें फारच थोडें सांपडतें.

गरिबीनेंहि या चित्रपटांचें कल्याण केलें, याचा दाखला म्हणून ‘डीटूर’कडे बोट दाखवितां येईल. हॉलिवुडांतील अगदीं कनिष्ठ दर्जाच्या एका कंपनीनें काढलेला, सत्तर मिनिटांहूनहि थोडा लहान असा हा चित्रपट. न्यूयॉर्कचा रस्ता उभारावयास पैसा नाहीं म्हणून उल्मरनें नायक-नायिकेला दाट धुक्यांतून चालविलें. नायक पश्चिमेकडे चालला आहे हें दिशेवरून कळावें म्हणून फिल्मची पट्टी कांहीं ठिकाणीं उलटी फिरविली, आणि त्यामुळें अमेरिकेंतल्या मोटारींचीं चाकें हांकणारे उजव्या हाताला बसलेले दिसतात! हे दोष कोणालाहि दिसतील. परंतु कथा पाहा. अल रॉबर्ट्स हा पियानो वाजविणारा तरुण फुकट मोटारींत बसून प्रवास करीत असतो. वाटेंत त्याला घेणारा मनुष्य अकस्मात् मरतो. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं या भीतीनें तो मेलेल्याचे कपडे, पैसे, मोटार आणि नांव घेऊन पुढें निघतो. आणि मग तो स्वतः होऊन व्हेरा नांवाच्या जिला मोटारींत घेतो ती मेलेल्या माणसाला ओळखणारी निघते. पुढें तीहि त्याच्या हातून मरते, दाराच्या फटींतून ओढलेल्या टेलिफोनच्या तारेनें, त्याला न दिसतां. हें सारें तो आपणांस स्वतः सांगत असतो: दोन माणसें मेलीं आणि दोन्हीं वेळां माझा अपराध नव्हता. १९४५ च्या प्रेक्षकानें बहुधा त्याच्यावर विश्वास ठेवला असेल. आजच्या प्रेक्षकाला मात्र राहूनराहून वाटतें, हा मनुष्य खरें सांगतो आहे कशावरून? एकदां ही शंका आली कीं तें धुकें, ती उलटी धांवणारी मोटार, सारेंच एका अपराधी माणसानें रचलेल्या कैफियतीसारखें दिसूं लागतें. उल्मरच्या मनांत हें होतें काय, याला महत्त्व नाहीं. उशिरां आलेल्याला तें दिसतें. ज्या चित्रपटाला निघाला तेव्हां फारसें कोणी विचारलें नाहीं तो १९९२ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहाच्या यादींत गेला, आणि २०१८ मध्यें त्याची झिजलेली प्रत परिश्रमानें दुरुस्त करून नव्यानें दाखविण्यांत आली.

एवढें बोलून झाल्यावर जें टिकलें नाहीं त्याचीहि कबुली दिली पाहिजे. ज्या चित्रपटांचा सारा भर खुनी कोण या कोड्यावर आहे ते बहुतेक वाळून गेले. मानसशास्त्राचें प्रदर्शन करणारे तर हास्यास्पद झाले आहेत. सिओडमॅकच्याच ‘द डार्क मिरर’ (१९४६) मध्यें शाईच्या डागांवरून जुळ्या बहिणींपैकीं खुनी कोणती हें वैद्यबुवा ज्या खात्रीनें ओळखतात तें पाहून आम्हांस गांवच्या ज्योतिष्याची आठवण झाली. उलट ‘द बिग स्लीप’ (१९४६) मधील मोटारहाक्याचा खून कोणीं केला हें मूळ कादंबरीकार चँडलर यालाहि सांगतां आलें नव्हतें, आणि तरीहि तो चित्रपट ताजा आहे, कारण कोडें सुटावें अशी इच्छाच तो होऊं देत नाहीं. जे चित्रपट शेवट पहिल्यांदाच सांगून टाकतात ते याहून शहाणे. ‘डबल इन्डेम्निटी’त जखमी नेफ रात्रीं कचेरींत येऊन बोललेलें टिपणाऱ्या यंत्रापुढें आपला कबुलीजबाब देतो, आणि त्यांतच पैसाहि गेला व बाईहि गेली हें सांगून टाकतो. ‘सनसेट बूलेव्हार्ड’ची कथा पोहण्याच्या हौदांत तरंगणारें प्रेत सांगतें. ज्याचें रहस्य पहिल्या पांच मिनिटांत संपलें त्याला ऐंशी वर्षें काय करणार?

काळ्या माणसांना या ‘काळ्या’ चित्रपटांत हमाल, मोलकरीण आणि मोटारींच्या अड्ड्यावरचा पहारेकरी याहून मोठी जागा क्वचित् मिळते, आणि ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) सारख्या श्रेष्ठ कृतींतहि मेक्सिकन नायक म्हणून चार्ल्टन हेस्टन तोंडाला रंग फांसून उभा राहतो. याला समर्थन नाहीं.

परंतु खरा गंभीर आक्षेप स्त्रियांच्या बाजूनें आहे. फिलिस, व्हेरा, किटी, ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) मधील कॅथी: जी सुंदर ती घातकी, आणि जी घातकी नाहीं ती अळणी. युद्धांत कारखान्यांत व कचेऱ्यांत शिरलेल्या स्त्रियांविषयीं परत आलेल्या पुरुषांच्या मनांत जी धास्ती होती तिचें हें चित्र आहे, असें विद्वान् सांगतात. तें खरें असेलहि. पण कारण सांगितल्यानें अपराध माफ होत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका विदुषींनीं म्हटलें कीं, या चित्रपटांत पुरुष स्वतःच्या पायांनीं खड्ड्यांत जातो आणि पडल्यावर बाईकडे बोट दाखवितो. याला उत्तर देणें कठीण आहे. तथापि या संप्रदायानेंच एके ठिकाणीं स्वतःविरुद्ध साक्ष दिली आहे, आणि तो चित्रपट म्हणजे निकोलस रे याचा ‘इन अ लोन्ली प्लेस’ (१९५०).

डोरोथी ह्यूज हिच्या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटांत हंफ्री बोगार्ट हा डिक्सन स्टील नांवाचा चित्रकथालेखक झाला आहे. एका तरुणीच्या खुनाचा त्याच्यावर संशय आहे. शेजारीं राहणारी लॉरेल त्याच्या बाजूनें साक्ष देते, आणि दोघांचें प्रेम जमतें. स्टील बुद्धिमान् आहे, विनोदी आहे, प्रेमळहि आहे. आणि राग आला कीं समोरच्या माणसाला मरेपर्यंत मारूं शकतो. एके रात्रीं रस्त्यावर एका तरुणाला तो धोंडा उचलून मारूं लागतो तेव्हां लॉरेल ओरडते, आणि त्या क्षणापासून चित्रपटाचा डोळा त्याचा राहत नाहीं, तिचा होतो. पुढें एके दिवशीं सकाळीं स्वयंपाकघरांत स्टील तिच्यासाठीं न्याहारी करीत आहे. ग्रेपफ्रूट कापण्याची मुद्दाम वांकडी केलेली सुरी त्याच्या हातीं लागते. ती बिघडली आहे असें समजून तो सहज दोन्ही हातांनीं ती सरळ करतो आणि प्रेमाच्या गोष्टी बोलत राहतो. लॉरेल पाहत असते. तिनें रात्रभर झोंपेच्या गोळ्या घेतल्या आहेत, ती होकार देते, हंसते, आणि तिला पळून जावयाचें आहे. कादंबरींत स्टील खुनी आहे. चित्रपटाच्या पहिल्या आराखड्यांत तो शेवटीं लॉरेलचा गळा दाबून तिला ठार करतो, असें होतें. रे यानें ऐन चित्रणाच्या वेळीं तें बदललें: गळ्याला हात पडलेले असतां टेलिफोन वाजतो, आणि पोलीस कळवितात कीं खरा खुनी सांपडला, स्टील निर्दोष आहे. आदल्या दिवशीं हें कळलें असतें तर सारें निराळें झालें असतें, असें ती म्हणते. आतां त्याचा कांहीं उपयोग नाहीं. दिग्दर्शक रे आणि लॉरेल झालेली ग्लोरिया ग्रॅहॅम हीं त्या वेळीं पतिपत्नी होतीं आणि त्यांचा संसार मोडत आला होता, हें पुढें सर्वांना कळलें. खुनाचा आरोप खोटा ठरला तरी स्त्रीची भीति खरीच होती, असें म्हणणारा चित्रपट १९५० सालीं निघाला होता, हें आम्हांस या प्रकरणांतलें सर्वांत मोठें आश्चर्य वाटतें. आजच्या तरुण मुलींना काळ्या चित्रपटांची ओळख करून द्यावयाची असेल तर आरंभ येथून करावा.

या मंडळींना त्यांच्या काळानें कसें वागविलें हेंहि विसरूं नये. ‘क्रॉसफायर’ (१९४७) या ज्यू-द्वेषाविरुद्ध काढलेल्या चित्रपटाचा दिग्दर्शक डमिट्रिक व निर्माता एड्रियन स्कॉट या दोघांना त्याच वर्षीं कायदेमंडळाच्या समितीपुढें कम्युनिस्ट म्हणून उभें करण्यांत आलें, आणि पुढें दोघेहि तुरुंगांत गेले. डमिट्रिकनें नंतर सहकाऱ्यांचीं नांवें सांगून स्वतःची सुटका करून घेतली. ‘फोर्स ऑफ ईव्हिल’ (१९४८) लिहिणाऱ्या व दिग्दर्शित करणाऱ्या अब्राहम पोलोन्स्की याला त्यानंतर दुसरा चित्रपट दिग्दर्शित करावयास १९६९ साल उजाडलें. त्यांतला नायक जॉन गारफील्ड १९५२ मध्यें, वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, हृदय बंद पडून वारला. ‘मॉल्टीज फाल्कन’चा मूळ लेखक डॅशिएल हॅमेट यानें नांवें सांगण्याचें नाकारलें म्हणून १९५१ मध्यें तुरुंगवास पत्करला. पडद्यावर ज्या शहरांत कोणाचा कोणावर विश्वास नाहीं तें शहर हे लोक कल्पनेनें रचीत नव्हते.

आमच्याकडेहि या सावलीचे कांहीं कवडसे आले. पुण्याच्या प्रभात कंपनींत उमेदवारी केलेल्या गुरु दत्त यानें १९५१ मध्यें मुंबईंत ‘बाझी’ काढला, तेव्हां जुगाराचा अड्डा, डोळ्यांवर ओढलेली टोपी, गाणारी नर्तकी व रात्रीचा रस्ता हें सारें त्यांत होतें. पुढें ‘आर पार’ (१९५४) मध्यें छायालेखक व्ही. के. मूर्ति याच्यासह त्यानें मुंबईचे रस्ते व गॅरेजें पडद्यावर आणलीं. पण आमचा नायक हा फंसविला गेलेला भला माणूस असतो, आणि शेवटीं खुनाच्या आरोपांतून सुटतो. नेफ किंवा ख्रिस क्रॉस आमच्या पडद्याला त्या काळीं पेलला नसता. गाण्यांमुळें तो तोटा जाणवला नाहीं, ही गोष्ट निराळी.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. हे चित्रपट चांदीच्या क्षारांनीं माखलेल्या फिल्मवर, अंधाऱ्या नाट्यगृहांतल्या मोठ्या पडद्यासाठीं केलेले आहेत. त्यांतला काळा रंग ही रंगाची उणीव नसून तो एक पदार्थ आहे. हातांत मावणाऱ्या दूरध्वनीच्या कांचेवर, भर दुपारीं, तो काळा रंग राखेसारखा दिसतो, आणि मग ‘आम्हांला यांत कांहीं वाटलें नाहीं’ असें कोणी म्हटलें तर दोष चित्रपटाचा नसतो. १९८६ मध्यें ‘मॉल्टीज फाल्कन’ला यंत्रानें रंग देण्यांत आले तेव्हां ऐंशीच्या घरांत आलेला, श्वासाच्या विकारानें जर्जर झालेला ह्यूस्टन वृत्तपत्रकारांपुढें येऊन त्याचा निषेध करून गेला. ती रंगीत प्रत आज कोणी मुद्दाम शोधून पाहत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. उलट ‘टच ऑफ ईव्हिल’ कंपनीनें कांपून बिघडविल्यावर वेल्सनें अठ्ठावन्न पृष्ठांचें जें टिपण लिहिलें होतें, त्याच्या आधारें १९९८ मध्यें वॉल्टर मर्च यानें तो चित्रपट पुन्हां जुळविला, आणि आपण पाहतों तो बहुधा तोच.

आमच्या तरुण स्नेह्यांनीं ‘डबल इन्डेम्निटी’ शेवटपर्यंत पाहिला. शेवटाविषयीं त्यांना आम्हीं जें सांगितलें तें येथेंहि नमूद करतों. नेफ विषवायूच्या कोठडींत मरतो आणि त्याचा वरिष्ठ कीज बाहेर उभा राहून पाहतो, असा शेवट वाइल्डरनें प्रथम चित्रित केला होता. त्यासाठीं कोठडीची हुबेहूब प्रतिकृति बांधली, पुष्कळ खर्च केला, आणि मग तो सगळा भाग काढून टाकला. त्याचीं कांहीं स्थिरचित्रें तेवढीं उरलीं आहेत. कारण त्याआधींचें दृश्य पाहिल्यावर पुढें दाखविण्यासारखें त्याला कांहीं उरलें नाहीं. साऱ्या चित्रपटभर कीजला आपली चिरूट पेटवावयास काडी कधीं सांपडत नाहीं, आणि प्रत्येक वेळीं नेफ अंगठ्याच्या नखानें काडी ओढून ती पेटवून देतो. शेवटीं नेफ कचेरीच्या दारांत रक्त वाहत पडलेला आहे. त्याला सिगारेट ओढावयाची आहे, आणि हातांत बळ नाहीं. कीज खालीं वांकतो, काडी घेतो, आणि अंगठ्याच्या नखानें ओढतो.